भिंगरीची वेलांटी

फर्निचरच्या दुकानावर एक सभागृह आहे. एरवी तिथे विमा एजंटांच्या बैठका होतात आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्या रविवारी मात्र खुर्च्या संपल्या, लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले, भिंतींना टेकून उभे राहिले, आणि जे जिन्यात अडकले त्यांना वरचे लोक आत काय चाललंय ते सांगत होते. जिन्यातल्यांना चमत्कार जरा उशिरा पोचत होता, पण पोचेपर्यंत तो चांगला बाळसं धरून यायचा.

व्यासपीठावर एक टेबल होतं, टेबलावर प्लायवूडची पाटी आणि पाटीपुढे माझी भाची.

भाची पाच वर्षांची आहे. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती स्वतःभोवती गरगर फिरते आणि हाताला लागेल ती वस्तूही फिरवते. झाकण, बशी, बाटलीचं बूच, काहीही चालतं. ती बोलत नाही. हाक मारली तर सहसा वळून बघत नाही. कान तपासून झालेत, ते ठणठणीत आहेत. बोलीच्या बाई, म्हणजे आमच्या भागातल्या स्पीच थेरपिस्ट, माझ्या बहिणीला म्हणाल्या होत्या, "थेरपीचा उपयोग होईल की नाही ते एका भेटीत नाही सांगता येणार. चार-सहा वेळा घेऊन या. आम्ही खेळू, मी बघेन, मग आपण मिळून ठरवू. फक्त टाळू नका. लहान वयात सुरू केलं तर जास्त पदरात पडतं."

आता 'बघू, मग ठरवू' हे काय कोणाला ऐकायचं असतं? बहिणीला आणि मेव्हण्याला आजच्या आज उत्तर हवं होतं, आणि आजच्या आज उत्तर देणारा माणूस फर्निचरच्या दुकानावर बसला होता.

त्याला अक्षरगुरू म्हणत. पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचे पांढरे कपडे, पाकात बुडवून काढलेला आवाज.

"मूल मुकं नसतं," गुरुजी म्हणाले. "आपण बहिरे असतो."

टाळ्या.

"जिभेला कुलूप लागतं. बोटाला लागत नाही."

पुन्हा टाळ्या.

"बोटात चौदा विचारवाहिन्या असतात."

याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. आकडा सांगितला की माणसाला खात्री पटते, हे मी माझ्या दुकानात रोज बघतो.

गुरुजींनी भिंगरीचं मनगट आपल्या हातात घेतलं. याला ते 'आधार' म्हणत. पाटीवर मुळाक्षरं होती आणि खालच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, अगदी अक्षराचा पाय मोडायची खूणसुद्धा. भिंगरीचं बोट पाटीवर फिरू लागलं आणि जिथे टेकेल ते अक्षर गुरुजी मोठ्याने वाचू लागले. जुळून आलं ते असं: 'मातोश्री, मी आतून परिपूर्ण आहे.'

बहिणीने पदराने तोंड झाकलं. सभागृहात बायका रडल्या, दोनचार पुरुषांनी नाक शिंकरलं. पाच वर्षांची पोर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि 'परिपूर्ण' लिहिते. माझ्या शेजारचा शिंपी म्हणाला, "आमचा कॉलेजात जातो, त्याला हा शब्द यायचा नाही." मला त्याच्या मुलाची काळजी वाटली, पण तो विषय वेगळा.

मग मेव्हण्याने हात जोडून विचारलं, "गुरुजी, हिला थेरपी लावायची म्हणतात. लावू का?"

गुरुजी प्रसन्न हसले. "मला का विचारता? जिचा प्रश्न, तिलाच विचारा."

बोट पुन्हा फिरू लागलं. या वेळी जरा वेळ लागला, कारण शब्द अवघड होता. 'मला उपचारांची आवश्यकता नाही.' त्यातला 'श्य' लिहिताना भिंगरीने 'श'चा पाय रीतसर मोडला. टाळ्यांनी छताचा पंखा थरथरला आणि काही वेळाने जिन्यातूनही टाळ्या आल्या.

मी पंख्याकडे बघितलं, कारण भिंगरीही पंख्याकडेच बघत होती.

माझं चष्म्याचं दुकान आहे. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायची मला सवयच लागली आहे. 'परिपूर्ण' लिहिताना ती पंखा बघत होती, 'आवश्यकता' लिहिताना पंखा आणि मधेच स्वतःची करंगळी. पाटीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. समोरचा तक्ता न बघता अक्षरं ओळखणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. भेटलं तर दुकान बंद करून मी दुसरा धंदा बघेन.

खाली आल्यावर मी मेव्हण्याला म्हटलं, "मेव्हणेबुवा, ती पाटीकडे बघत नव्हती."

"दादा, ती अंतर्मनाने बघते."

"अंतर्मनाचा नंबर काय असतो?"

मेव्हणा हसला नाही. बहीण तर माझं बोलणं ऐकतच नव्हती. तिने पाटी विकत घेतली होती आणि ती छातीशी धरून ती गाडीत जाऊन बसली. गुरुजींनी निघताना तिला आधार द्यायला शिकवलं होतं. आईच्या हातात वाणी जास्त खुलते, असं ते म्हणाले होते.

आणि खरंच खुलली. रोज जेवणं झाली की टेबल पुसलं जायचं, पाटी मांडली जायची, बहीण भिंगरीचं मनगट धरायची आणि भिंगरी बोलायची. काय खावंसं वाटतं, कोण आवडतं, कोण नाही, सगळं. बोलीच्या बाईंचा फोन आला तर मेव्हणा अदबीने सांगायचा, "मुलीशीच बोललो, ती नको म्हणते." दोनतीनदा असा निरोप ऐकल्यावर बाईंनी विचारलं, "कुठल्या तोंडाने?" मेव्हण्याला ते उर्मट वाटलं. मला तो प्रश्न अगदी मुद्द्याचा वाटला.

एके दिवशी मी त्यांच्याकडे गेलो असताना बहिणीने मला मुद्दाम बसवून घेतलं. "बघ तरी. मग हस." तिने मनगट धरलं. बोट फिरलं. बहीण एकेक अक्षर वाचत होती आणि वाचता वाचता तिचा आवाज जड होत होता. लिहिलं गेलं ते असं: 'आई, मि तुला सोडून कुठेहि जाणार नाहि.'

"ऐकलंस?" ती म्हणाली.

मी ऐकलं होतं, पण त्याहीपेक्षा बघितलं होतं. पाटीवर दोन्ही वेलांट्या शेजारी शेजारी होत्या, आणि बोट दर वेळी पहिल्या वेलांटीवर जात होतं. 'मि', 'कुठेहि', 'नाहि', तिन्ही ऱ्हस्व. आता ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळेच करतात, मीही करतो. पण दुसऱ्या वेलांटीशी कायमचं वैर धरलेली व्यक्ती मला आयुष्यात एकच माहीत आहे. लहानपणी आम्ही भाऊ-बहीण एकाच शाळेत होतो. तिचे निबंध लाल शाईने भरून यायचे. मास्तरांनी तिचं नावच 'पहिली' ठेवलं होतं आणि नवीन माणसांना ती वर्गात पहिली येते असं वाटायचं. आजही ती मला मोबाइलवर 'दादा मि निघाले' असा निरोप पाठवते.

"हिला गुरुजींच्या हातात असताना 'मी' बरोबर येत होतं," मी म्हटलं. "तुझ्या हातात आल्यावर चुकायला लागलं."

मेव्हणा लगेच म्हणाला, "मग? आईसारखंच लिहिणार. रक्ताचा गुण आहे."

या माणसाच्या हातात कुठलाही पुरावा दिला की तो घडी घालून खिशात ठेवायचा.

बहिणीला मात्र माझं म्हणणं बरोबर कळलं. ती पांढरीफटक पडली. "म्हणजे मी ढकलते तिचा हात? माझ्या लेकीच्या तोंडी मी शब्द घालते?"

"मी तुला खोटारडी म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतोस?"

ती खोटं बोलत नव्हती, हे मला स्वच्छ दिसत होतं. पाटी बोलत होती ते भिंगरी बोलत नव्हती, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, ते मलाच उमगत नव्हतं.

"दादा, पाच वर्षं मी भिंतीशी बोलले," ती म्हणाली. "आता ती मला उत्तर देते. ते तू माझ्याकडून काढून घेणार?"

मला फार वाईट वाटलं. पण भिंगरीची शिकायची वर्षं त्या प्लायवूडवर चालली होती, आणि तिच्या वतीने थेरपीला नकार देणारी कोण होती हे मी पाहिलं होतं. शेवटी मी म्हटलं, "एकदा बाईंसमोर कर. त्यांना पटलं तर मी जन्मात तोंड उघडणार नाही."

"चल," बहीण तडकाफडकी म्हणाली. "तुझ्या बाईंनाही बघू दे."

बाईंची खोली लहान आहे. कमी उंचीचं टेबल, भिंतीला लावलेली खेळण्यांची खोकी, जमिनीवर जाड सतरंजी. बाई तरुण आहेत, पायात कॅनव्हासचे बूट घालतात आणि अर्धा दिवस जमिनीवरच असतात. मला वाटलं होतं त्या हसतील किंवा चिडतील. त्यांनी पाटी हातात घेऊन नीट बघितली आणि म्हणाल्या, "ती खरंच लिहीत असेल तर माझं काम निम्मं होईल. मला आनंदच आहे. फक्त लिहितंय कोण, तेवढं पाहून घेऊ."

त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा केला. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला भिंगरी, पुढ्यात पाटी. मनगट नेहमीसारखं बहिणीच्या हातात. बाई म्हणाल्या, "मी दोघींना एकेक चित्र दाखवणार. कधी एकच असेल, कधी वेगळं. केव्हा कोणतं ते सांगणार नाही. तिला दिसेल ते तिला लिहू द्या. चालेल?"

"चालेल," बहीण म्हणाली. तिला जराही धाकधूक नव्हती.

पहिलं चित्र दाखवलं. बोट फिरलं: 'किल्लि'. बहिणीने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली.

दुसरं चित्र दाखवलं. बोट फिरलं: 'छत्रि'.

तिसऱ्या वेळी बोट बराच वेळ पाटीवर रेंगाळलं. मग लिहिलं गेलं: 'मि दमले'.

बाईंनी आडोसा उचलला. पहिल्या वेळी दोघींनाही किल्ली दाखवली होती. दुसऱ्या वेळी बहिणीला छत्री दाखवली होती आणि भिंगरीला बादली. तिसऱ्या वेळी भिंगरीसमोर चेंडू होता आणि बहिणीसमोर कोरा कागद.

मेव्हण्याने तोंड उघडलं, आणि माझ्या ओळखीत पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.

"बादली," बहीण म्हणाली. "तिच्यासमोर बादली होती." ती चित्र उलटसुलट करून बघू लागली, जणू मागे छत्री निघेल.

बाईंनी ड्रॉवरमधून दोरा काढला, त्याला कोटाचं जाड बटण बांधलं आणि दोऱ्याचं टोक बहिणीच्या चिमटीत दिलं. "हात अजिबात हलवू नका. बटण गोल फिरतंय असं फक्त मनात आणा."

बहिणीने श्वास रोखून धरला. बटण आधी लटपटलं, मग हळूहळू गोल फिरू लागलं. तिने घाबरून दोरा सोडून दिला.

"मी हलवलं नाही," ती म्हणाली.

"हलवलंत, पण तुम्हांला कळलं नाही. कोणालाच कळत नाही," बाई म्हणाल्या. "मनात एखादी गोष्ट आली की हाताचे स्नायू आपल्याला न विचारता किंचित हलतात. बटणाला तेवढं पुरतं. मुलीच्या सैल मनगटाला तर सहज पुरतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हांला खरोखर वाटत होतं की तीच हात नेतेय. पण पुढचं अक्षर तुम्हांला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं."

भिंगरी सतरंजीवर जाऊन बादलीचं चित्र कोपऱ्यावर उभं करून फिरवत होती.

"मग 'मी तुला सोडून जाणार नाही', ते?" बहिणीने विचारलं.

"ते तुमचं होतं."

"आणि तिचं काय? तिला माझ्याबद्दल काय वाटतं?"

"अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तेच शोधायचं आहे. माझं काम तेच आहे."

बहीण रडली. आमची आई गेली तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं आहे, पण हे रडणं वेगळं होतं. भिंगरीने तिला लिहिलेली सगळी वाक्यं एका फटक्यात तिचीच तिला परत मिळाली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मेव्हण्याने खाकरून विचारलं, "म्हणजे थेरपी लागणार का हिला?"

"आज मी एक गोष्ट पाहिली," बाई म्हणाल्या. "मनगट धरलेलं असताना ती सारखा हात सोडवायला बघत होती. तुम्ही सगळे अक्षरांकडे बघत होता म्हणून तुम्हांला दिसलं नाही. तिला काहीतरी सांगायचं असतं आणि ती तिच्या परीने सांगतेही. ज्या मुलाला सांगायचं असतं त्याला मदतीचा फायदा होतो. मला वाटतं हिला होईल. ती बोलेलच असं वचन मी देणार नाही. ते देणारे आहेत, तुम्ही भेटून आलात."

बहिणीने डोळे पुसले. "केव्हा आणू?" एवढंच तिने विचारलं.

पुढच्या रविवारी ती सभागृहात गेली. मी तिला म्हटलं होतं की तू नको जाऊस, मी बोलतो. "तू गेलास तर म्हणतील, चष्मेवाला खवचट आहे," ती म्हणाली. "मी आई आहे. माझं ऐकावं लागेल."

व्यासपीठावर बेकरीवाल्याचा लहानगा होता. त्याने नुकतंच 'तीर्थरूप, मी प्रकाशाचा यात्रिक आहे' असं लिहिलं होतं आणि बेकरीवाला डोळे टिपत होता. बहीण पुढे गेली. गुरुजींनी तिला ओळखलं आणि लोकांना सांगितलं, "या मातोश्रींची कन्या रोज लिहिते."

"हो गुरुजी," बहीण म्हणाली. "एक विनंती आहे. तुम्ही डोळे मिटून आधार द्या. लिहिणार तो आहे, त्याचे डोळे उघडे आहेत. तुमचे मिटले म्हणून काय बिघडतं?"

लोकांना ते अगदी रास्त वाटलं. उलट अशाने चमत्कार आणखी मोठा दिसेल, म्हणून त्यांनी टाळ्याही वाजवल्या. गुरुजींना मागे फिरता येईना. त्यांनी डोळे मिटले आणि पाटी मनाशी आठवून सुरुवात केली. बहिणीने टेबलावरच पाटी हळूच फिरवली, वरची ओळ खाली आणि खालची वर.

बोट फिरलं. या वेळी अक्षरं बहीण वाचत होती. "ढ. ळ. क्ष. ठ. ङ."

गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "ही पूर्वजन्मीची भाषा आहे." जिन्यात कोणीतरी म्हणालं, "संस्कृत दिसतंय."

बेकरीवाला उठून उभा राहिला. भला माणूस, आवाज न चढवता बोलला, "गुरुजी, पूर्वजन्माचं राहू दे. डोळे मिटून त्याला नुसतं 'पाव' लिहायला लावा. मी त्याच्यासमोर पाव धरतो. दोनच अक्षरं आहेत, जोडाक्षरही नाही."

बोट फिरलं आणि 'ञ'वर जाऊन थांबलं. 'ञ'ने सुरू होणारा पाव आमच्या बेकरीत मिळत नाही. बेकरीवाल्याने मुलाला कडेवर घेतलं आणि तो जिना उतरून गेला. त्याच्यामागून निम्मं सभागृह उतरलं. गुरुजींनी डोळे उघडून सांगितलं की शंकेखोरांच्या उपस्थितीत विचारवाहिन्या आकसतात. उरलेल्या निम्म्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारचा नंबर लावला. मी जे घडलं तेच सांगतोय, सगळे शहाणे झाले असं लिहायला मलाही आवडलं असतं.

भिंगरी बाईंकडे जाऊ लागली. तिथे चमत्कार होत नाहीत. तिथे बाई चित्रांची कार्डं मांडतात, ती स्वतःच्या हाताने उचलायची असतात, आणि मनगटाला कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे. आठवडेच्या आठवडे काही घडत नसे. बहीण बाहेरच्या बाकावर बसून असायची. मेव्हणा अधूनमधून विचारायचा, "काही म्हणाली का?" ती म्हणायची, "अजून नाही."

मग एकदा सकाळी मी दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तक्ता वाचायला लावला होता, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ती भिंगरीचे केस विंचरत होती. भिंगरी उठली, बाईंनी घरी दिलेल्या कार्डांच्या डब्याकडे गेली, एक कार्ड काढलं, परत आली आणि ते आईच्या मांडीवर ठेवलं. तिला कोणी धरलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, आणि या वेळी ती कार्डाकडे बघत होती.

"काय होतं कार्डावर?" मी विचारलं.

"फुली. 'नको'ची," बहीण म्हणाली. "दादा, ती मला नको म्हणाली." आणि ती फोनवर हसत होती की रडत होती ते मला कळेना. मी गिऱ्हाइकाला पाच मिनिटं बसवून ठेवलं.

तिने कंगवा बाजूला ठेवला. केस तसेच विस्कटलेले राहिले.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या मुलाच्या वतीने कोणी फार सुंदर बोलायला लागलं तर टाळ्या वाजवण्याआधी मुलाचा हात सोडायला सांगा, मग धरणारा हात गुरुजींचा असो की तुमचा स्वतःचा. मग थांबा. काहीच आलं नाही तर निदान ते 'काहीच नाही' खरं असेल आणि पुढे काय करायचं ते शिकलेल्या माणसाला विचारता येईल. आणि मूल पहिल्यांदा 'नको' म्हणालं, तर कंगवा खाली ठेवा.